नवारंभाची किंमत : धर्मानंद कोसंबी यांच्या ‘निवेदना’तील देशांतराचा पुनर्विचार

सारांश

धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ (1924) हे आत्मचरित्र मराठी समीक्षेत प्रामुख्याने धर्मजिज्ञासेची कथा किंवा एका पाली पंडिताची जडणघडण म्हणून वाचले गेले आहे. प्रस्तुत लेखात या ग्रंथाचे वाचन तरुण वयातील देशांतर आणि त्यानंतरचा नवारंभ या अंगाने केले आहे. परक्या देशात नव्याने उभे राहणे ही एकट्या व्यक्तीच्या जिद्दीची घटना नसून आश्रय देणाऱ्या संस्था, त्यांच्या अटी आणि मागे राहिलेली माणसे यांच्याशी झालेला तो व्यवहार असतो, असे प्रतिपादन येथे केले आहे. पंडिता रमाबाई, डॉ. आनंदीबाई जोशी आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्याशी संबंधित लेखनाचा तुलनेसाठी आधार घेतला आहे.

बीजशब्द : देशांतर, नवारंभ, आत्मचरित्र, यजमान संस्था, लिपी, मौन.

1. प्रस्तावना

गेल्या दोन-तीन दशकांत ‘स्थलांतर’, ‘विस्थापन’ आणि ‘अनिवासी संवेदना’ हे शब्द आपल्या चर्चासत्रांतून सातत्याने ऐकू येतात. या चर्चेचा बहुतेक भर इंग्रजीत लिहिणाऱ्या भारतीय कादंबरीकारांवर असतो. मराठीचा विषय निघालाच, तर प्रवासवर्णनांचा ओझरता उल्लेख होतो किंवा अमेरिकास्थित मराठी माणसाच्या गतकातरतेचा दाखला दिला जातो. या मांडणीत एक गोष्ट निसटते. परदेशी जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणाऱ्या तरुण माणसाचा अनुभव मराठीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नोंदला गेलेला आहे. आणि तो ज्या ग्रंथांत नोंदला गेला आहे, त्यांना आपण ‘स्थलांतराचे साहित्य’ या सदरात घालत नाही.

‘निवेदन’ हा अशा ग्रंथांपैकी एक महत्त्वाचा ग्रंथ होय. या ग्रंथाचा नायक वयाच्या तेविसाव्या वर्षी पोर्तुगीज अमलाखालील गोवा सोडतो. पुढील पाच वर्षांत तो पुणे, काशी, नेपाळ, सिलोन आणि ब्रह्मदेश असा प्रवास करतो आणि तेहतिसाव्या वर्षी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात विशुद्धिमग्गाच्या संशोधित आवृत्तीच्या कामावर रुजू होतो. प्रत्येक ठिकाणी त्याला नवी भाषा, नवी लिपी, नवे अन्न, नवा पोशाख आणि नवे गुरुजन यांच्यासमोर नवशिका म्हणून उभे राहावे लागते. हा क्रम धर्मजिज्ञासेचा आहे यात शंका नाही. तथापि तो एवढाच आहे असे मानल्यास ग्रंथाचा मोठा भाग, म्हणजे भुकेचा, पैशाचा, आजारपणाचा आणि ओळखीपाळखीचा तपशील, निव्वळ पार्श्वभूमी ठरतो. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की, हा तपशील हाच ग्रंथाचा गाभा मानून वाचन केले असता ‘निवेदन’ आजच्या वाचकाशी अधिक थेट बोलू लागते.

2. पहिली सीमा : साखवाळ ते पुणे

धर्मानंदांचा जन्म 9 ऑक्टोबर 1876 रोजी गोव्यातील साखवाळ येथे झाला. शालेय शिक्षण तुटक, प्रकृती नाजूक, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास विवाह आणि पुढे नारळीच्या बागांची देखभाल, असे त्यांच्या प्रारंभीच्या आयुष्याचे स्वरूप होते. ‘बालबोध’ या मुलांच्या मासिकातील बुद्धचरित्रपर लेख वाचनात आला आणि त्यांच्या मनाने वेगळी दिशा घेतली. 1899 च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. मागे पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक होती.

या प्रस्थानाकडे पाहताना एक राजकीय वस्तुस्थिती विसरता येत नाही. साखवाळहून पुण्यास जाणे हे त्या काळी एका सत्तेच्या मुलखातून दुसऱ्या सत्तेच्या मुलखात जाणे होते. गोव्यात राज्यकारभाराची भाषा पोर्तुगीज, घरची बोली कोकणी, वाचनाची भाषा मराठी. आणि पुण्यास विद्येच्या व्यवहारात संस्कृत व इंग्रजी. म्हणजे सिलोनला जाण्यापूर्वीच या तरुणाने एक देशांतर केलेले होते. मराठी भाषक प्रदेश सलग असल्याच्या आपल्या सवयीच्या कल्पनेमुळे ही पहिली सीमा आपल्या नजरेस येत नाही. गोव्यातून मुंबईस व तेथून जहाजांवर किंवा पूर्व आफ्रिकेत चाकरीसाठी जाणाऱ्या ख्रिस्ती गोमंतकीयांच्या स्थलांतराची नोंद अभ्यासकांनी घेतली आहे. त्याच भूमीतून निघालेला हा दुसऱ्या प्रकारचा स्थलांतरित. त्याच्यापुढे चाकरीचे ठिकाण नव्हते, गावकऱ्यांनी चालविलेला कूड नव्हता, पाठीशी पदवीही नव्हती.

घर सोडण्याची कृती आपल्या परंपरेत दोन साच्यांत बसविली जाते. एक वैराग्याचा साचा, दुसरा विद्यार्जनासाठी केलेल्या देशाटनाचा. धर्मानंदांच्या वृत्तान्तात दोन्ही साचे आहेत, पण कोणताही पुरा पडत नाही. वैराग्य म्हणावे तर ज्ञानाची भूक अनावर आहे; देशाटन म्हणावे तर परतण्याची निश्चिती नाही. दोन साच्यांच्या मधल्या या जागेतच आधुनिक अर्थाने ज्याला नवारंभ म्हणता येईल, तो घडतो.

3. अक्षरओळखीपासून पुन्हा

‘निवेदना’तील देशांतराचे सर्वांत ठळक रूप भाषा आणि लिपी यांच्या संदर्भात दिसते. काशीत अन्नछत्रातील जेवणावर राहून संस्कृताचा अभ्यास. नेपाळात बौद्ध धर्म जिवंत सापडेल या आशेने केलेली वारी आणि पदरी आलेली निराशा. त्यानंतर बुद्धगया व कलकत्ता या मार्गाने 1902 मध्ये सिलोन. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात हिक्कडुवे सुमंगल महास्थविरांच्या हाताखाली त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली आणि पालीचा अभ्यास आरंभला. पाली ग्रंथ तेथे सिंहली लिपीत होते. पुढे ब्रह्मदेशात तेच ग्रंथ ब्रह्मी लोकांच्या लिपीत वाचावयाचे होते.

या ठिकाणी थोडे थांबणे आवश्यक आहे. पंचवीस वर्षांचा, विवाहित, संस्कृत व्याकरणाचा बऱ्यापैकी अभ्यास झालेला मनुष्य मुळाक्षरे गिरविण्यास बसतो. शिकलेल्या माणसाला शिकलेपण बाजूला ठेवावे लागणे हा देशांतराचा सर्वांत कमी नोंदला गेलेला, पण सर्वांत खोल अनुभव आहे. नव्या देशात पैशाची टंचाई सहन होते, परंतु आपल्याला साधे वाक्य नीट बोलता येत नाही म्हणून समोरचा माणूस आपल्याला अजाण समजतो, हे सहन करणे कठीण जाते. धर्मानंदांनी या अनुभवावर भावविवश भाष्य केलेले नाही. ते घडलेले सांगतात आणि पुढे जातात. परंतु वृत्तान्तातील पुनरावृत्तीच वाचकाला जाणवते. पुणे, काशी, कोलंबो, ब्रह्मदेश, बॉस्टनजवळचे केंब्रिज. प्रत्येक ठिकाणी तोच माणूस पुन्हा पहिल्या इयत्तेत बसतो.

अन्नाचा प्रश्नही याच जातीचा आहे. सिलोनमधील आहार त्यांना मानवला नाही आणि प्रकृती ढासळली. धर्म स्वीकारता येतो, चीवर परिधान करता येते, लिपी आत्मसात होते. पोट मात्र आपला प्रांत सोडत नाही. आध्यात्मिक शोधाच्या कथेत पचनाची तक्रार किरकोळ वाटण्याचा संभव आहे. देशांतराच्या कथेत ती किरकोळ नाही, कारण शरीर हेच स्थलांतरिताचे सर्वांत हट्टी मायदेश असते.

लिपीच्या या प्रवासाला एक उत्तरार्धही आहे. 1940 मध्ये धर्मानंदांनी संपादित केलेला विशुद्धिमग्ग मुंबईच्या भारतीय विद्या भवनातर्फे देवनागरीत प्रकाशित झाला. जे अक्षर अक्षर जुळवीत परक्या लिप्यांत वाचले होते, ते मायभूमीच्या लिपीत आणून ठेवणे हा परतीच्या प्रवासाचा एक वेगळा अर्थ होय. परतणे म्हणजे केवळ गावी येणे असे नाही; जे मिळविले ते आपल्या लोकांना वाचता येईल अशा अक्षरांत देणे, हेही परतणेच आहे.

4. यजमान संस्था आणि त्यांच्या अटी

देशांतराची कथा सांगताना आपण सहसा नायकाच्या जिद्दीवर प्रकाश टाकतो. ‘निवेदना’चे बारकाईने वाचन केल्यास मात्र जिद्दीइतकेच महत्त्वाचे असे दुसरे एक सूत्र हाती लागते. प्रत्येक नव्या मुक्कामी या तरुणाला कोणीतरी आसरा दिला आहे आणि हा आसरा बहुतांशी संस्थेचा आहे. काशीचे अन्नछत्र, कोलंबोचे परिवेण, ब्रह्मदेशातील विहार, कलकत्त्याचे विद्यापीठ, बडोद्याचे संस्थान, हार्वर्ड. सोयीसाठी यांना ‘यजमान संस्था’ म्हणू. यजमान संस्था नवागताला जेवू घालते, छप्पर देते, ओळख देते. आणि त्याबदल्यात काहीतरी मागते. मागणी नेहमीच अन्यायाची असते असे नाही, पण ती असतेच.

अन्नछत्राची मागणी जातीच्या ओळखीची होती. परिवेण आणि विहार यांची मागणी दीक्षेची, म्हणजे नाव, वेष आणि दिनचर्या बदलण्याची होती. येथे भिक्षुवेषाचा एक व्यावहारिक अर्थही ध्यानात घ्यावा लागतो. बौद्ध देशांत चीवर हे अनोळखी माणसाला अन्न व निवारा मिळवून देणारे परवानापत्रच होते. ब्रह्मदेशात 1904 मध्ये न्यानतिलोक या जर्मन भिक्षूबरोबर धर्मानंद सगाईंगच्या डोंगरात ध्यानाभ्यासासाठी राहिले. एक जर्मन, एक गोमंतकीय, दोघेही परके. दोघांनाही ब्रह्मी समाजाने पोसले ते चीवरामुळे. 1906 च्या सुमारास धर्मानंदांनी चीवर उतरविले तेव्हा त्यांनी धर्मश्रद्धा सोडली नाही. सोडली ती ही सुरक्षितता. त्यानंतरचा कलकत्त्यातील अध्यापनाचा काळ हा गृहस्थ म्हणून केलेला आणखी एक नवारंभ होता. बाळाबाई याच काळात त्यांच्याकडे राहावयास आल्या.

बडोद्याची अट सर्वांत अर्थपूर्ण आहे. सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना दरमहा 50 रुपयांचे साहाय्य तीन वर्षांसाठी देऊ केले, ते महाराष्ट्रात राहून ग्रंथलेखन करावे या अपेक्षेने. कलकत्त्यात याहून पुष्कळ अधिक प्राप्ती होण्याजोगी होती. तरीही धर्मानंदांनी बडोद्याचे साहाय्य स्वीकारले. देशांतराच्या संदर्भात या निर्णयाचे मोल मोठे आहे. येथे यजमानाची अट आणि आश्रिताची इच्छा प्रथमच एकरूप झाली. आपल्या भाषेत, आपल्या लोकांसाठी लिहिण्याची मोकळीक ही त्यांना पगारापेक्षा मोलाची वाटली.

याउलट हार्वर्डचा अनुभव. प्राध्यापक जे. एच. वुड्स यांच्या पुढाकाराने 1910 मध्ये धर्मानंद अमेरिकेस गेले. हेन्री क्लार्क वॉरन यांच्या निधनामुळे अपुरी राहिलेली विशुद्धिमग्गाची आवृत्ती पूर्ण करावयाची होती. श्रेयाच्या प्रश्नावरून प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्याशी मतभेद झाला आणि 1912 मध्ये धर्मानंद परत आले. पुढे 1918 ते 1922, त्यानंतर 1926-27 आणि 1931-32 असे आणखी तीनदा ते या कामासाठी गेले. हार्वर्ड ओरिएंटल सीरिजमध्ये ती आवृत्ती अखेर प्रसिद्ध झाली 1950 मध्ये, म्हणजे धर्मानंदांच्या निधनानंतर तीन वर्षांनी; त्यावर वॉरन यांचे नाव संपादक म्हणून आणि धर्मानंदांचे नाव संशोधक-परिष्कर्ता म्हणून आहे. विहाराने नवे नाव दिले होते, विद्यापीठात स्वतःच्या नावासाठी झगडावे लागले. विद्वत्तेच्या जगातील स्थलांतरिताला श्रम करण्याची संधी तुलनेने लवकर मिळते, मुखपृष्ठावरील जागा उशिरा मिळते. हा अनुभव शंभर वर्षांनंतरही अनेकांना ओळखीचा वाटेल.

5. तुलना : रमाबाई आणि आनंदीबाई

यजमान संस्थेचे हे सूत्र केवळ धर्मानंदांपुरते आहे का, हे तपासण्यासाठी 1883 या वर्षाकडे जावे लागते. त्या एका वर्षात दोन मराठी स्त्रिया समुद्रपार गेल्या. अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी 7 एप्रिलला कलकत्त्याहून अमेरिकेकडे निघाल्या. पंचवीस वर्षांच्या, वैधव्य आलेल्या रमाबाई लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या.

रमाबाईंची यजमान संस्था वाँटेज येथील अँग्लिकन भगिनीसंघ ही होती. 29 सप्टेंबर 1883 रोजी तेथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु धर्म स्वीकारल्यावरही अटींचा प्रश्न संपला नाही. श्रद्धेच्या बाबतीत कोणाचे म्हणणे अंतिम मानावयाचे आणि मुलीला कोणत्या वळणाने वाढवावयाचे, या प्रश्नांवर रमाबाईंनी भगिनीसंघाशी दीर्घ वाद घातला. ए. बी. शहा यांनी संपादित केलेला आणि 1977 मध्ये प्रसिद्ध झालेला पत्रसंग्रह या वादाचा साक्षीदार आहे. आश्रित असूनही मान न तुकविणारी ही भाषा देशांतराच्या साहित्यात दुर्मीळ म्हणावी लागेल. तथापि 1889 च्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या मराठी ग्रंथात रमाबाई स्वतःविषयी फारसे बोलत नाहीत. त्या बोलतात परक्या समाजाविषयी, त्याच्या राज्यपद्धतीविषयी, तेथील स्त्रियांच्या संघटनांविषयी. आणि हे सारे पाहताना त्यांची दृष्टी मायदेशी काय उभारता येईल याकडे असते. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. ज्या स्त्रीला यजमान संस्थांच्या अटी जवळून कळल्या होत्या, तिने परतल्यावर स्वतःच एक यजमान संस्था उभारली, ही गोष्ट योगायोगाची वाटत नाही.

आनंदीबाईंना न्यू जर्सीतील कार्पेंटर कुटुंबाचा जिव्हाळा लाभला, ही संस्थेपेक्षा वेगळी आणि अधिक उबदार गोष्ट. पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून 11 मार्च 1886 रोजी त्यांना पदवी मिळाली. त्या समारंभास रमाबाई उपस्थित होत्या. त्याच वर्षअखेर आनंदीबाई मायदेशी परतल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांना स्वतःचे निवेदन लिहावयास अवधी मिळाला नाही. त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचतो तो पत्रांतून आणि इतरांनी लिहिलेल्या चरित्रांतून. कॅरोलिन डॉल, काशीबाई कानिटकर, आणि पुढे 1968 मध्ये ‘आनंदी गोपाळ’ लिहिणारे श्री. ज. जोशी. एकाच अनुभवाच्या या तीन अवस्था लक्षणीय आहेत. धर्मानंद स्वतःविषयी लिहितात, रमाबाई समाजाविषयी लिहितात, आनंदीबाईंविषयी इतर लिहितात. नवारंभाचा वृत्तान्त कोणाला प्रथमपुरुषी सांगता येतो, हे धैर्यावर अवलंबून नसते. आयुष्याने दिलेला अवधी, लिंगभाव आणि सामाजिक स्थान यांवर ते ठरते.

6. ‘निवेदना’तील मौन

येथवरच्या विवेचनात धर्मानंदांच्या प्रयत्नांचे मोल मान्य केले आहे. परंतु समीक्षेने एवढ्यावर थांबणे उचित नव्हे. रमाबाई मुलीला घेऊन निघाल्या. धर्मानंद मुलीला ठेवून निघाले. बुद्धचरित्राने भारावलेल्या तरुणाला गृहत्याग हा थोर आदर्श वाटला असेल; पण बुद्धाच्या पत्नीला राजवाड्याचा आधार होता, बाळाबाईंना तसा आधार असण्याचे कारण नाही. 1899 ते 1906 या काळात त्या कशा राहिल्या, माणिक कशी वाढली, गावाने काय म्हटले, याविषयी ग्रंथातून फार थोडे हाती लागते. हा ग्रंथाचा दोष मानावा की आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराची मर्यादा, असा प्रश्न उपस्थित होतो.

या प्रश्नाला मराठीतच एक उत्तर उपलब्ध आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागांनी प्रसिद्ध झाली. नारायण वामन टिळक वरचेवर घर सोडून जात. 1895 मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढील काही वर्षे पती-पत्नींची ताटातूट झाली. जाणाऱ्याची कथा प्रेरणेची असते. राहणाऱ्याची कथा दिवसांची असते. लक्ष्मीबाईंनी ते दिवस लिहिले, विनोदाच्या अंगाने लिहिले आणि कवी पतीच्या थोरवीला धक्का न लावता त्याच्या जाण्याची किंमत वाचकापुढे मांडली. ‘निवेदना’समोर ठेवण्याजोगे असे बाळाबाईंचे लेखन आपल्याकडे नाही. म्हणून ‘निवेदन’ वाचताना वाचकाने ‘स्मृतिचित्रे’ मनाशी ठेवावे, अशी शिफारस येथे करावीशी वाटते. ते बाळाबाईंचे मन सांगणार नाही. पण ज्या ठिकाणी ‘निवेदन’ मौन पाळते, ती जागा रिकामी नाही, एवढे निश्चित दाखवील.

एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. 1918 मध्ये धर्मानंद दुसऱ्यांदा अमेरिकेस निघाले तेव्हा त्यांच्यासमवेत माणिक आणि 1907 मध्ये जन्मलेला मुलगा दामोदर ही दोघे होती. जिला तान्ही सोडून वडील निघाले होते, ती कन्या आता त्यांच्याबरोबर समुद्र ओलांडीत होती. दामोदर कोसंबी पुढे गणितज्ञ आणि इतिहासकार म्हणून विख्यात झाले. या घटनेने आधीच्या वर्षांची भरपाई झाली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. परंतु पहिल्या देशांतरात जे एकट्याचे होते, ते या देशांतरात कुटुंबाचे झाले, हा बदल धर्मानंदांच्या आयुष्याचा अर्थ लावताना दुर्लक्षिता येत नाही.

7. देशीयता आणि परदेश

भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाच्या मांडणीनंतर मराठी समीक्षेत ‘येथले’ आणि ‘बाहेरचे’ ही विभागणी प्रभावी ठरली. धर्मानंदांचे उदाहरण या विभागणीला अडचणीचे आहे. ते परदेशी गेले ते परदेशाचे काही आणण्यासाठी नव्हे. याच भूमीत जन्मलेला आणि येथून जवळजवळ लोपलेला धर्म परक्यांनी जपून ठेवला होता, तो शोधण्यासाठी. देशी वस्तू परदेशात सापडते आणि ती परत आणावयास परक्या लिप्या शिकाव्या लागतात. फर्ग्युसन महाविद्यालयात 1912 ते 1918 या काळात त्यांनी पाली शिकविली. पु. वि. बापट यांच्यासारखे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले, आणि महाराष्ट्रात पालीच्या अध्ययनाची परंपरा रुजली. परदेशातील नवारंभातून मायदेशातील नवारंभ घडला.

अनिवासी साहित्याच्या प्रचलित संकल्पनांनाही हे उदाहरण पुरते बसत नाही. त्या संकल्पनांत गतकातरता आणि दुभंगलेली ओळख यांना मध्यवर्ती स्थान असते. ‘निवेदना’चा स्वर गतकातर नाही. ग्रंथाचे शीर्षकच पुरेसे बोलके आहे. निवेदन म्हणजे घडलेले समोर ठेवणे. त्यात विलाप नाही आणि मिरवणेही नाही. हा संयम कधी आपल्याला हवे ते सांगत नाही, हे वर पाहिलेच. पण याच संयमामुळे ग्रंथातील भूक, आजार आणि अपमान हे सहानुभूतीची याचना करीत नाहीत, हेही तितकेच खरे.

8. समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात. पहिला, ‘निवेदन’ हे धर्मजिज्ञासेइतकेच तरुण वयातील देशांतराचे आत्मचरित्र आहे आणि मराठीतील स्थलांतराच्या साहित्याचा विचार त्याला वगळून अपुरा राहतो. दुसरा, नवारंभ ही एकट्याची किमया नसते; यजमान संस्थांच्या अटींशी केलेली ती देवघेव असते आणि त्या अटी कोठे स्वीकारल्या, कोठे नाकारल्या, यावरून व्यक्तीची ओळख घडते. तिसरा, या देवघेवीतील एक पक्ष बहुधा ग्रंथाबाहेर राहतो, आणि तो पक्ष म्हणजे मागे राहिलेली माणसे.

मीरा कोसंबी यांनी केलेल्या ‘निवेदना’च्या इंग्रजी अनुवादामुळे (2011) हा ग्रंथ मराठीबाहेरील अभ्यासकांपर्यंत पोहोचला. आपल्या महाविद्यालयांत मात्र तो संदर्भसूचीत असतो, वर्गात क्वचित असतो. आज आपल्या वर्गांतून दरवर्षी काही विद्यार्थी पदवीनंतर परदेशी जातात; जिल्ह्याच्या गावातून थेट जर्मनीस किंवा ऑस्ट्रेलियास जाणारेही त्यांत असतात. त्यांना आपण परीक्षांची, शुल्काची, परवान्यांची माहिती देतो. तेथे शिकलेल्या माणसाला पुन्हा अक्षरओळखीपासून आरंभ करावा लागेल, आसरा देणारा काहीतरी मागेल आणि त्यातले काय द्यावयाचे व काय नाही हे स्वतः ठरवावे लागेल, ही माहिती कोणत्याही पुस्तिकेत नसते. ती ‘निवेदना’त आहे. आणि जाणाऱ्याच्या नवारंभाबरोबर घरी राहणाऱ्यांचाही एक नवारंभ होत असतो, हे ‘निवेदना’ने जेथे सांगितलेले नाही, तेथे ते सांगणे हे शिकविणाऱ्याचे काम आहे.